धोंड्याच्या महिन्यातलं लाल तेल

मामा, तुम्हाला जाऊन महिना होत आला. दहाव्याला आलेला, तेराव्याला आलेला आणि त्यानंतर नुसताच भेटायला आलेला प्रत्येक माणूस चहाचा कप खाली ठेवला की माझ्याकडं वळून म्हणतो, "पाव्हणं, ती तेलाची गोष्ट सांगा की." आपल्या घरात किस्से सांगायचं काम माझ्याकडं कसं आलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं कुठलंही काम माझ्याकडून धड होत नाही, हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच सिद्ध झालं होतं.

तर मी सांगतो. धोंड्याच्या महिन्यात मानानं बोलावलेला जावई, अंगावर नवाकोरा पांढरा पोशाख, आणि तो पोशाखासकट चारीत उताणा. लोक हसतात. मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसतात, आणि हसता हसता तो पदर डोळ्यांकडं जातो. मग मी गोष्ट लवकर आटपतो.

पण या गोष्टीतल्या दोन जागा मी तीन वर्षं गाळत आलोय. एक तुमच्यासाठी आणि एक माझ्या लाजेसाठी. आज पूर्ण सांगतो, तुम्हालाच सांगतो. चुकलो तर मधेच तोडा. सवय आहे तुम्हाला.

सुरुवात जीपपासून करायला हवी. येडशी ते धाराशिव काळी-पिवळी जीप तुम्ही तीस वर्षं चालवलीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तुम्ही मला ती शिकवायला घेतली. जावई सोलापुरात मास्तर आहे, भूगोल शिकवतो, म्हणजे डोकं असणार, असा तुमचा समज. पहिल्या दिवशी मी सात वेळा गाडी बंद पाडली. दुसऱ्या दिवशी ती बंद पडली नाही, तर बेडकासारखी उड्या मारत गुऱ्हाळाच्या भिंतीला जाऊन टेकली.

"क्लच हळू सोडा. हळू! साप हातातनं सोडल्यागत न्हाय, पाव्हणं!"

तिसऱ्या दिवशी तुम्ही खाली उतरलात, बिडी पेटवलीत आणि निकाल दिलात, "तुमचं डोकं चांगलं हाय. पाय बी चांगलं हायती. दोघांची वळख न्हाय."

ती ओळख पुढंही कधी झाली नाही. म्हणून पंधरा-सोळा वर्षांनी मी गाडी घेतली ती ऑटोमॅटिक. क्लच नाही, गियर टाकायचा नाही, दांडा 'डी'वर ओढला की निघाली. तुम्हाला दाखवायला मोठ्या हौसेनं आणली. तुम्ही आत वाकून बघितलंत. पायाशी दोनच पेडल बघून, म्हणजे ब्रेक आणि रेस, तुम्ही सुरेखाकडं अशा नजरेनं पाहिलंत की मला वाटलं आता मुलीला माहेरी ठेवून घेताय.

"ही गाडी न्हाय. झोपाळा हाय."

"मामा, सगळं जग आता यावरच चाललंय."

"जग जाऊ द्या. गाडीला इचाराय लागतं, चढ हाय, दम हाय का? गियर म्हंजे ते इचारणं. तुमी तिला काय बी न इचारता निस्तं हाकलताव."

हा वाद आपण दर दिवाळीला, दर सप्त्याला, दर बारशाला घातला. तो कधी मिटला नाही. आता मिटायचाही नाही.

मग तुमच्या अंगावरनं वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय फरफटायला लागला. संतोषनं, सुरेखाच्या भावानं, जीप विकली तेव्हा तुम्ही ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसला होतात, असं मामींनी सांगितलं. तीन-चार महिन्यांत काठी घेऊन मळ्यापर्यंत जायला लागलात. सगळे म्हणाले, अण्णा सावरले. पण तुमच्या मनात काय शिजतंय, ते मला धोंड्याच्या आधी आठ दिवस तुमचा फोन आला तेव्हा कळलं.

"पाव्हणं, धोंड्याला येताना तुमचा झोपाळा आणा."

"आणतो की, मामा."

"मला चालवून बघायचाय. डावा पाय लागतच न्हाय म्हणं त्याला."

मामा, तुम्ही हे किती दिवस मनात घोळवलं असेल, त्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. जिला तुम्ही गाडी मानायला तयार नव्हतात, जगात तेवढीच एक गाडी आता तुम्हाला चालवता येणार होती. आणि ती नेमकी जावयाची होती. माझ्याकडं मागताना तुमचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी मोठा होता.

पण अडचण पायाची नव्हतीच. दवाखान्यात डॉक्टरांनी सुरेखाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना डाव्या अंगाचं दिसत नाही. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं त्यांच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. गाडी बिलकूल नको. ताटातल्या डाव्या बाजूची चटणी तुम्ही तशीच ठेवत होतात आणि मामींना वाटायचं तिखट झाली असेल.

सुरेखा मला म्हणाली, "सरळ सांगा त्यांना. डॉक्टर नको म्हणालेत, कारण हे आहे."

मी मान हलवली. फोन कानाला लावला. तीस वर्षांत ज्या माणसानं एका कोंबडीलाही धक्का लावला नाही, त्याला मी भूगोलाचा मास्तर सांगणार की तुम्हाला दिसत नाही? माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "मामा, गाडी आणतो, पण चालवता नाही येणार. गियरबॉक्सचं तेल पार काळं पडलंय. मेकॅनिक म्हणाला, तेल बदलल्याशिवाय जास्त चालवली तर बॉक्स बसेल."

ही पहिली गाळलेली जागा. तेल काळं पडलेलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीच सोलापुरात बदलून घेतलं होतं. सुरेखा शेजारीच उभी होती. तिनं कपाळावर हात मारला, त्याचा आवाज फोनमधून तुमच्यापर्यंत गेला असेल असं मला अजून वाटतं.

तुमच्याकडं थोडा वेळ शांतता. मला वाटलं, सुटलो.

"तेलाचा नंबर काय?" तुम्ही विचारलंत.

पुढचे आठ दिवस तुम्ही मला शाळेतसुद्धा फोन केलेत. गाडीचं पुस्तक काढायला लावलंत. तेल किती निघतं, खालचा बोल्ट किती नंबरचा, त्याच्याखालचा वायसर तांब्याचा का ॲल्युमिनियमचा. तुमच्या ओळखीच्या एका जुन्या जीप-मेकॅनिकला फोन लावून तुम्ही सगळी कृती तोंडपाठ केलीत. संतोषला दोनदा धाराशिवला पाठवून बरोबर त्याच नंबरच्या तेलाचा डबा आणवलात. मी प्रत्येक फोनला "हो मामा, हो मामा" करत होतो आणि दर फोनगणिक त्या खोट्यात आणखी खोल उतरत होतो.

धोंड्याच्या दिवशी अंगणात गाडी उभी केली तर तुम्ही काठी टेकत आलात, बॉनेटवर हात ठेवलात आणि म्हणालात, "आली व्हय? तेल गेलेलं असून?"

"हळू आणली, मामा."

"हां. हळू." एवढंच.

मग पाटावर बसवून माझे पाय धुतलेत. डावा हात उचलत नव्हता, म्हणून उजव्या हातानं तांब्या धरलात आणि पाय चोळायचं काम मामींनी केलं. मी वर बघायचं टाळत होतो. ज्याच्याशी खोटं बोललो त्यानं आपले पाय धुवावेत, ही शिक्षा कुठल्याही कायद्यात नसेल. वाण दिलं, नवा शर्ट-पायजमा, टोपी, उपरणं. पुरणाचे धोंडे मी पाच खाल्ले. मामींनी सहावा वाढला. तो तोंडात असतानाच तुम्ही म्हणालात, "चला. ऊन हाय तवर उरकू."

तेव्हा मामींना कळलं, की गाडीखाली कोण जाणार.

"अवं, याड लागलं का? धोंड्याला आलेला जावई हाय! त्येला गाडीखाली घालताव?"

"मग म्या जाऊ?" तुम्ही विचारलंत.

मामी वाटेतून बाजूला झाल्या. पण नवे कपडे दिवस मावळायच्या आत अंगावरून काढायचे नाहीत, हा आपला हट्ट त्यांनी सोडला नाही. म्हणून मी पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, डोक्यावर टोपी, असा मळ्याकडं निघालो. रस्त्यात भेटलेल्या दोघांनी मला रामराम घातला. त्यांना वाटलं पुढारी आलाय.

जागा तुम्ही आधीच हेरून ठेवली होती. विहिरीजवळची पाण्याची चारी. त्या वर्षी पावसानं ताण दिला होता, चारी कोरडी ठणठणीत. गाडीची चाकं दोन्ही काठांवर आणि माणूस मधल्या खळग्यात. एवढं सोपं गॅरेज मी सोलापुरात पाहिलं नव्हतं. पण गाडी चारीवर आली तरी तुमचं समाधान होईना. गाडी सपाट नसेल तर तेल मोजायची पट्टी खोटं बोलते, असं तुमच्या मेकॅनिकनं सांगितलेलं. तुम्ही गवंड्याकडून पाणी भरलेली लेव्हलची नळी मागून आणली होती. एक टोक पुढच्या चाकाशी संतोषच्या हातात, एक मागच्या चाकाशी माझ्या हातात.

"पाणी कुठं हाय?"

"दोन बोटं खाली, मामा."

"मागच्या चाकाखाली फरशी सारा."

एक फरशी. मग अर्धी. मग कवलाचा तुकडा. मी वर्षानुवर्षं पोरांना उतार आणि समपातळी शिकवत आलोय, पण जमिनीचा तुकडा सपाट होताना मी पहिल्यांदा बघितला तो तिथं. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एका रेषेत आलं तेव्हा तुम्ही असे हसलात की मी क्षणभर विसरलो, हे सगळं कशासाठी चाललंय.

मग मी खाली गेलो. वर गाडीचं पोट, पाठीखाली ढेकळं, बाजूला तुम्ही काठीवर भार देऊन वाकलेले आणि माझे दोन धुतलेले पाय चारीच्या बाहेर. पाना बसेना.

"उलटा फिरवताव. तुमी झोपलाव, बोल्ट न्हाय झोपला."

बोल्ट निघाला आणि तेलाची धार आधी बाहीत शिरली, तिथून काखेत. पुढची खाली ठेवलेल्या घमेल्यात पडायला लागली. मी ती पाहिली. लाल. डाळिंब फोडल्यासारखं लालचुटूक, आरपार दिसणारं तेल.

संतोषनं वाकून बघितलं. "अण्णा, हे तर चांगलं लाल हाय की."

तुम्ही बोटं धारेखाली धरलीत. दोन बोटांमध्ये तेल चोळलंत, नाकाजवळ नेलंत. मग माझ्याकडं बघितलंत. मी खालून, तुम्ही वरून. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझी मान अवघडली होती, एवढं आठवतं.

"लई खराब झालंय," तुम्ही म्हणालात. "पाव्हण्यानं येळंवर सांगितलं."

"पर नवं डब्यातलं बी लालच हाय," संतोष म्हणाला.

"लाल-लालात फरक असतो. तुला ट्रॅक्टरवाल्याला काय कळतंय त्यातलं?"

मी चारीतून मान डोलावली. जीपच्या गियरबॉक्सचं तेल मधासारखं दाट, पिवळं असतं. तुम्ही असलं लाल तेल आयुष्यात बघितलेलं नसणार, म्हणून फसलात, असं मी धरून चाललो. देवाचे आभार मानले. तीस वर्षं तेलात हात घातलेला माणूस फसला आणि सात वेळा जीप बंद पाडणारा सुटला, हे मला अगदी पटलं. माझं डोकं चांगलं असल्याचं तुम्ही म्हणाला होतात, तो शेरा मी इथं परत करतो.

निघालेलं तेल तुम्ही मापानं मोजलंत. साडेतीन लिटर. तेवढंच नवं, नरसाळं लावून, पट्टीच्या नळीतून आत. थेंब इकडं नाही, तिकडं नाही. जुनं तेल एका रिकाम्या डब्यात ओतून बूच घट्ट लावलंत. मला वाटलं, टाकून द्यायला.

"आता गाडी चालू करून, ब्रेक दाबून, दांडा सगळ्या घरांतनं फिरवाय लागतो. पी, आर, एन, डी. ब्रेकवर कोण तरी पायजे," असं म्हणत तुम्ही ड्रायव्हरच्या जागी बसलातसुद्धा. काठी मागच्या सीटवर गेली. मी अजून चारीतून बाहेर पडत होतो. दांडा चारही घरांतून फिरला. मग तुम्ही काचेतून तोंड बाहेर काढलंत.

"तेल गरम झाल्याबिगर पट्टी खरं सांगत न्हाय. पाच-सा किलोमीटर चालवाय लागती."

"मी येतो ना मामा, सरका..."

"तुमचं कपडं बगा. शीट खराब हुईल. आन् म्या बसलेलाच हाय."

संतोषनं डाव्या सीटवर पोतं टाकलं, मी त्याच्यावर बसलो. आठ दिवस मी जे टाळत होतो, ते माझ्याच खोट्यानं घडवून आणलं होतं. तेल काळं पडलंय म्हणालो नसतो, तर तुम्ही चालवायला नुसती मागितली असती. आता तर चालवणं भागच होतं.

आणि मामा, काय चालवलीत तुम्ही! चारीवरनं अशी उतरवलीत की फरशी हलली नाही. रामलिंगाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर काच खाली केलीत. उजवा हात स्टेअरिंगवर, डावा मांडीवर ठेवलेला. डावा पाय मात्र दर वळणाला क्लच शोधत होता. मी तो बघत होतो. तुम्ही मला कुठल्या वळणावर कुठल्या साली कुणाची वरात अडली, ते सांगत होतात. सात-आठ महिन्यांत तुम्ही एवढं बोलला नव्हतात. मी मनात म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय.

ही दुसरी गाळलेली जागा.

वळण घेतलं आणि डाव्या बाजूनं शेळ्या रस्त्यावर आल्या. काळ्याभोर, सगळ्या एका रांगेत. तुम्ही बोलत होतात. वेग तोच. मला वाटलं आता दाबाल ब्रेक, आता दाबाल.

"मामा, शेळ्या!"

गाडी थांबली. पुढच्या शेळीचं तोंड डाव्या दिव्याला लागलं होतं. तिला काही झालं नाही. ती बॉनेटवर पाय ठेवून आत बघायला लागली. मागून एक बाई काठी उगारत आली.

"अवं, डोळं हायती का कवड्या? येवढ्या शेळ्या दिसंनात?"

तुम्ही दांडा 'पी'वर नेलात. हँडब्रेक ओढलात. समोर बघत विचारलंत, "किती हायती, पाव्हणं?"

"आठ. नाही, नऊ."

"मला एक बी दिसली न्हाय."

मी म्हणालो, "अचानक आल्या, मामा."

"अचानक न्हाय आल्या. डावीकडनं आल्या."

ती बाई शेळ्या बाजूला घेत होती. तुम्ही म्हणालात, "तेल गरम झालं आसंल. रस्ता सपाट दिसतोय. पट्टी बगा."

मी खाली उतरलो. फडकं नव्हतं, म्हणून गळ्यातलं नवं उपरणं काढून त्यानं पट्टी पुसली. बाई बघत होती.

"काय करू लागलाव?"

"तेल बघतोय."

"तेल काय बघताव? शेळ्या बघा की!"

तेल दोन खुणांच्या बरोबर मधोमध होतं. पट्टी तुमच्या काचेजवळ आणून दाखवली. तुम्ही मान हलवलीत, मी पट्टी परत घालून माझ्या दाराशी गेलो. मग गाडी बंद केलीत, दार उघडलंत, उजव्या हातानं बॉनेट धरत, पाय ओढत, पुढून वळसा घालून माझ्याकडं आलात. चावी माझ्या तेलकट तळहातावर ठेवलीत आणि माझी बोटं मिटवलीत.

"ठिवा तुमच्याकडं."

"मामा, घरी..."

"घरी काय? तेल बेस झालं. बास."

घरी सगळे दारात उभे. संतोषनं विचारलं, कशी आहे गाडी. तुम्ही ओसरीवर बसलात, काठी भिंतीला टेकवलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "झोपाळा. त्यात चालवायला काय हाय? मला नगं." सुरेखानं माझ्याकडं पाहिलं. मी पायजम्यावरचे डाग बघत होतो. त्या दिवशी गाडीनं तुम्हाला नाकारलं नाही, तुम्ही गाडीला नाकारलंत. मी सरळ बोललो असतो, तर तुम्हाला ते जमलं असतं का? आपल्या दोघांत हा खरा वाद व्हायला हवा होता. सुरेखा अजून म्हणते, सरळ सांगायला हवं होतं. मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला विचारायचं होतं, आणि विचारण्यासाठी आधी खोटं कबूल करावं लागलं असतं.

त्यानंतर तीन वर्षं तुम्ही माझ्या डावीकडं बसलात. मी गाडी चालवताना बडबड करायचो, "डावीकडं सोयाबीन चांगलं आलंय. डावीकडं उसाची ट्रॉली आहे. डावीकडं मोर बघा, दोन." मला वाटायचं, मास्तराला बोलायची खोड आहे असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही नुसतं "व्हय" म्हणायचात आणि समोर बघायचात. एकदा मी बराच वेळ गप्प होतो, तर तुम्हीच विचारलंत, "डावीकडं काय न्हाय का आज?"

शेळ्यांबद्दल मी कुणाला बोललो नाही. मला वाटायचं, आपल्या दोघांत मी एकटाच गुपित सांभाळणारा. थोडा अभिमानही होता त्याचा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात मांडवाचे बांबू ठेवताना वरच्या फळीवर तो डबा दिसला. रिकामा. वर कोळशानं तुमच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'पाव्हण्याचं तेल'.

मी संतोषला म्हटलं, "हे टाकून नाही दिलं अण्णांनी?"

"टाकतेत व्हय? ट्रॅक्टरच्या पावर स्टेअरिंगला घातलं की. त्याच आठवड्यात."

"खराब तेल? ट्रॅक्टरला?"

संतोषनं बांबू खाली ठेवला आणि हसला. तुमच्यासारखाच हसतो तो, तुम्ही कधी लक्ष दिलंत का?

"दाजी, खराब कुठलं? अण्णांनी मेकॅनिकला फोनवरच इचारलं हुतं, चांगलं कसं दिसतं आन् बिघडलेलं कसं दिसतं. बोटाला लागलं तवाच कळलं त्यास्नी. मला म्हणलं, 'महिन्याचं बी न्हाय हे. घाल ट्रॅक्टरला. पाव्हण्याला बोलू नगंस.'"

"का?"

"म्या बी इचारलं. तर म्हणलं, 'धोंड्याच्या महिन्यात जावयाला खोटं पाडाय न्हाय पायजे.'"

मामा, असा काही नियम नाही. मी मामींना विचारलं, आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारलं. तो तुम्ही तिथल्या तिथं केलात. चारीच्या काठावर, एका पायावर तोल सांभाळत, माझ्याकडं बघत असताना. वरून तुम्ही जे बघत होतात ते तेल नव्हतं.

संतोष म्हणाला, बसा, फिरवून बघा. मी ट्रॅक्टरवर चढलो. त्यानं इंजिन चालू करून दिलं, क्लचला मी पाय लावला नाही, घाबरू नका. स्टेअरिंग एका बोटानं फिरलं. डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण. तीन वर्षं या शेतातलं प्रत्येक वळण माझ्या खोट्यावर इतकं हलकं फिरत होतं, आणि तुम्ही बांधावर बसून ते बघत होतात. मी बराच वेळ फिरवत बसलो. संतोष बांबू उचलून निघून गेला.

तर जे सांगायचं राहिलं ते हे. तेल चांगलं होतं, मामा. तुम्हाला माहीत होतं हे कळल्यावरही ते माझ्या तोंडून तुम्हाला सांगायचं आहे. आणि शेळ्यांचं मी आज लिहून टाकलं, त्याबद्दल रागवा. पण ज्या माणसानं नऊ शेळ्या न दिसल्यावर आधी तेलाची पट्टी बघायला लावली आणि मग चावी दिली, त्याची गोष्ट शेळ्या गाळून सांगता येत नाही. मी तीन वर्षं प्रयत्न केला, ती नुसतीच विनोदी होते.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आहे. मामींचा परवा फोन आला. वर्षाच्या आत घरात धोंडे करता येत नाहीत, पण तुम्ही दोघं नुसतेच या, म्हणाल्या. मी म्हणालो, येतो. आणि म्हटलं, मामी, येताना तेलाचा डबा घेऊन येतो, चारीवर गाडी लावावी लागेल. तेल खरंच काळं पडलंय. तीन वर्षं झाली ना.

पलीकडं थोडी शांतता. अगदी तुमच्यासारखी.

"या की," मामी म्हणाल्या. "ब्रेकवर म्या बसते. पर खरंच काळं पडलंय ना? मागच्या येळंला बी तुमी असंच म्हणला हुता."

मामा, आणखी कुणाकुणाला सांगून गेलाय तुम्ही?